फोटोतली मागची भिंत

२ सप्टेंबर १९९८च्या पहाटे ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, इटली, पोर्तुगाल, फिनलंड, ऑस्ट्रेलिया अशा डझनभर देशांत पोलिसांनी ठरवून एकाच वेळी दारे वाजवली. एका घरी छापा पडल्याची कुणकुण दुसऱ्या घरी लागली असती, तर पोलीस तिथे पोहोचण्याआधीच तिथली हार्ड डिस्क कोरी झाली असती. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन कॅथीड्रल’. ती आखली होती ब्रिटनच्या नॅशनल क्राइम स्क्वॉडने. जिच्यावर हे छापे पडले त्या टोळीने स्वतःचे नाव एका जगप्रसिद्ध बालकथेवरून घेतले होते, ‘वंडरलँड क्लब’. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे फोटो एकमेकांना पुरवणाऱ्यांची ही मंडळी. त्यात संगणकातले जाणकार होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कधी संशय येऊ नये असे सरळमार्गी दिसणारे लोकही होते.

या क्लबात शिरायचे तर अट एकच होती. उमेदवाराकडे स्वतःचे निदान दहा हजार फोटो हवेत. सगळा धंदा या अटीतून उलगडतो. फोटो हे इथले चलन होते, आणि जुने फोटो सगळ्यांकडेच असल्याने भाव मिळायचा तो नव्याला. नवा फोटो म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी घरात, एका मुलावर नव्याने झालेला अत्याचार. नुसते बघणारे कोणाचे काय बिघडवतात, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. दहा हजारांची ती अट त्यांनी एकदा नीट वाचावी.

पोलिसांना वंडरलँडचा पहिला धागा लागला तो संगणकातून नव्हे. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या ग्रीनफिल्ड नावाच्या छोट्या गावात एका लहान मुलीने आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगितला. तपास पुढे सरकला तेव्हा कळले, की अत्याचार चालू असताना तो दूरदेशीचे काही जण आपापल्या पडद्यावर पाहत होते. पाहणाऱ्यांच्या या दुसऱ्या टोळीचे नाव ‘ऑर्किड क्लब’. त्यातला एक जण इंग्लंडच्या ससेक्स भागातला निघाला. त्याच्या संगणकात वंडरलँडची वाट सापडली.

सप्टेंबरच्या त्या छाप्यांत शंभराहून अधिक लोक पकडले गेले. साडेसात लाखांच्या आसपास फोटो आणि अठराशे व्हिडिओ हाती आले. फेब्रुवारी २००१मध्ये सात ब्रिटिश सभासदांना शिक्षा झाल्या, त्या बारा ते तीस महिन्यांच्या. गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात कमाल मर्यादाच तीन वर्षांची होती. लोक संतापले. पण कायदेमंडळाने तोवर ही मर्यादा दहा वर्षांवर नेलेलीच होती, फक्त ती या सात जणांना लागू होत नव्हती.

मला या प्रकरणातला वेगळाच आकडा छळतो. जप्त फोटोंतले चेहरे वेगळे काढल्यावर मुलांची संख्या भरली १,२६३. त्यांपैकी कोण, कुठले, हे कळले ते सोळा-सतरा मुलांचे. उरलेली जवळजवळ साडेबाराशे मुले कुठल्या गावातली, अजून त्याच घरात आहेत का, हे कोणालाच सांगता येईना. आणि खरे तर ते शोधून काढणे हे कोणाचे कामही नव्हते. कायद्याने पोलिसांच्या हाती दिलेला प्रश्न होता, ‘हा फोटो कोणाकडे सापडला?’ फोटो सापडला, पंचनामा झाला, मुद्देमालाला सील लागले, आरोपपत्र गेले. फोटोतले मूल मुद्देमालाच्या पिशवीतच राहिले.

या प्रश्नाच्या पाठीमागे धावत गेले तर काय होते, ते ब्रिटनने लगेच पुढच्या काही वर्षांत पाहिले. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे एक जोडपे ‘लँडस्लाइड’ नावाची कंपनी चालवत होते. क्रेडिट कार्डावर पैसे भरले की वेगवेगळ्या संकेतस्थळांचे दार उघडे. त्यातली काही संकेतस्थळे मुलांवरच्या अत्याचाराची. १९९९मध्ये टपाल खात्याच्या तपासनिसांनी तिथे छापा घातला आणि २००१मध्ये मालकाला तब्बल १,३३५ वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती १८० वर्षांवर आली. दोन्ही आकडे मथळ्याला शोभणारे, मुलांना त्यातून काही मिळत नाही. खरा ऐवज होता तो कंपनीकडची ग्राहकांची यादी. तिच्यातली सात हजारांहून अधिक ब्रिटिश नावे अमेरिकेने लंडनला धाडली आणि २००२मध्ये ‘ऑपरेशन ओर’ सुरू झाले.

सात हजार नावांपुढे ब्रिटनची पोलीस यंत्रणा पार दबून गेली. हार्ड डिस्क तपासणाऱ्यांकडे महिनोन्‌महिन्यांचा ढीग साचला. सुमारे चौदाशे लोक दोषी ठरले आणि शंभराहून अधिक मुले धोक्यातून बाहेर काढली गेली, हे खरे. पण तीसहून अधिक संशयितांनी आत्महत्या केल्या. पुढे डंकन कॅम्पबेल या पत्रकाराने मूळ नोंदी तपासून दाखवून दिले, की यादीत चोरलेल्या कार्डांचे व्यवहार होते आणि ज्यांनी भलत्याच, कायदेशीर संकेतस्थळांसाठी पैसे भरले होते अशांचीही नावे होती. नाव यादीत आहे म्हणजे माणूस गुन्हेगार, या समजुतीवर संसार मोडले. दुसरीकडे, ज्यांच्या घरात मुले होती आणि ज्यांच्यापासून त्या मुलांना खरा धोका होता, त्यांच्या दारापर्यंत पोलीस पोहोचेपर्यंत महिने गेले. यादी लांब असली की तपास चालू असल्याचा भास छान होतो.

दुसरी वाट आधी दिसली ती आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, पोलीस ठाण्यात नव्हे तर विद्यापीठात. १९९७मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कच्या मानसशास्त्र विभागात मॅक्स टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोपाइन’ नावाचा प्रकल्प उभा केला. ते इंटरनेटवरचे असे फोटो पोलिसांच्या संमतीने गोळा करून त्यांची वर्गवारी लावू लागले. यांतले मूल नवे की जुने? फोटो केव्हाचा? त्याच मुलाचे आणखी फोटो कुठे आहेत? मालिका जुळवत गेले की एकच मूल वर्षावर्षाने मोठे होताना दिसायचे. हे पाहणाऱ्याला ‘हा फोटो कोणाकडे सापडला’ हा प्रश्न फार तोकडा वाटू लागतो.

इंटरपोलने २००१मध्ये अशा फोटोंचा एक आंतरराष्ट्रीय संग्रह सुरू केला आणि ‘पीडिताची ओळख पटवणे’ ही पोलीस कामाची एक स्वतंत्र शाखा होऊ लागली. तिच्यातली मुख्य युक्ती सांगायला सोपी आहे. मुलाकडे आणि अत्याचाराकडे बघायचे नाही, मागच्या भिंतीकडे बघायचे. प्लगचे भोक गोल की चपटे? टेबलावरच्या दुधाच्या पुठ्ठ्यावर कुठली भाषा? खिडकीबाहेरच्या झाडाला पाने आहेत की नाहीत? पडद्याचे कापड कुठल्या दुकानात विकले गेले? २००१च्या अखेरीस असाच एक फोटो उत्तर युरोपातल्या तपासनिसांपुढे आला. त्यातल्या माणसाच्या अंगातल्या कपड्यावर एका कंपनीचे बोधचिन्ह होते. मोठे करून पाहिले तर कंपनी डेन्मार्कची निघाली. तिथून त्या माणसाचे घर सापडले आणि घरातल्या संगणकावरून अमेरिकेपर्यंत पोहोचलेले जाळे. २००२मध्ये ‘ऑपरेशन हॅम्लेट’ या नावाने ते जाहीर झाले तेव्हा पंचेचाळीस मुलांचा छडा लागलेला होता. आरोपींत बहुसंख्य त्या मुलांचे स्वतःचे आईबाप. अनोळखी माणसाने दिलेले चॉकलेट घेऊ नकोस, हे सांगून आपण मोकळे होतो. या कामातली कागदपत्रे वेगळे सांगतात.

टोरांटोच्या पोलिसांत पॉल गिलेस्पी नावाचे एक अधिकारी या गुन्ह्यांच्या पथकाचे प्रमुख होते. कॅनडाच्या एका शहरात बसून जगभरच्या फोटोंशी झुंजताना त्यांना साधनांची वानवा इतकी जाणवली, की जानेवारी २००३मध्ये त्यांनी सरळ बिल गेट्स यांना ईमेल लिहिला. अशा पत्रांना सहसा उत्तरे येत नाहीत. याला आले, आणि मायक्रोसॉफ्टच्या पैशाने व माणसांनी वेगवेगळ्या पोलीस दलांची माहिती एकमेकांशी जोडून दाखवणारी एक प्रणाली तयार झाली. एप्रिल २००५मध्ये ती कॅनडात सुरू झाली.

त्याच सुमाराला गिलेस्पींच्या पथकापुढे एका मुलीच्या फोटोंची मालिका होती. दोनशेच्या आसपास फोटो, जगभर फिरलेले, आणि मुलगी कोण हे कोणालाच ठाऊक नाही. फोटोंतली एक खोली हॉटेलातली वाटत होती. गिलेस्पींनी तोवर कोणी न केलेली गोष्ट केली. संगणकावर मुलीला फोटोतून पुसून टाकले आणि फेब्रुवारी २००५मध्ये नुसती रिकामी खोली वर्तमानपत्रांना दिली. पलंग, चादरीची नक्षी, भिंत. ही जागा कोणी ओळखता का? लोकांनी पाहता पाहता ओळखली. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधले एक हॉटेल होते ते.

सगळ्या अमेरिकेत मुलीचा शोध सुरू झाला, आणि मे महिन्यात ती सापडली. ती पेनसिल्व्हेनियात सुरक्षित होती. दोन वर्षांपूर्वीच, २००३मध्ये, पोलिसांनी तिची सुटका केलेली होती आणि तिच्यावर अत्याचार करणारा माणूस तुरुंगात होता.

ही या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा ती गमतीदार शेवट म्हणून सांगून सोडून दिली जाते. दोन वर्षे एका देशातले पोलीस एका मुलीला शोधत होते आणि शेजारच्या देशातल्या पोलिसांच्या कपाटात तिच्या सुटकेची फाइल पडून होती. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. सुटका झालेल्या मुलांची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी जागाच नव्हती. शोधणाऱ्यांची ती दोन वर्षे दुसऱ्या कोणा मुलाच्या वाट्याला येऊ शकली असती.

मुलांचा शोध असा चालू असताना २००७मध्ये इंटरपोलला एका गुन्हेगाराचा चेहराच जगापुढे ठेवावा लागला. जर्मन पोलिसांना २००४पासून इंटरनेटवर दोनशेच्या आसपास फोटोंची एक मालिका दिसत होती. त्यात व्हिएतनाम आणि कंबोडियातली बारा मुले होती आणि एक माणूस होता. माणसाने आपला चेहरा संगणकावर फिरवून पाण्यातल्या भोवऱ्यासारखा करून टाकला होता. तेवढ्यावर त्याचा भरवसा होता. जर्मनीच्या संघीय पोलिसांतल्या तंत्रज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवला. चेहरा स्वच्छ दिसू लागला, पण नाव कळेना. सदस्य देशांकडे विचारणा झाली, तरी कोणी ओळख देईना.

फोटो जाहीर करावा की नाही यावर इंटरपोलमध्ये बराच खल झाला. दोषी न ठरलेल्या माणसाचा चेहरा जगाला दाखवायचा, त्याच्यासारखा दिसणारा कोणी निष्पाप जमावाच्या हाती सापडला तर? शिवाय पोलिसांना काय जमते हे इतर गुन्हेगारांनाही कळणार. अखेर ८ ऑक्टोबर २००७ रोजी महासचिव रोनाल्ड नोबल यांनी इंटरपोलच्या इतिहासात प्रथमच असे जाहीर आवाहन केले. साडेतीनशेहून अधिक लोकांनी कळवले, आणि तीन खंडांतल्या पाच जणांनी एकाच माणसाचे नाव सांगितले. तो कॅनडाचा होता आणि दक्षिण कोरियातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होता. ११ तारखेला तो सोलहून बँकॉकला उतरला, विमानतळावरच्या कॅमेऱ्याने टिपला आणि गायब झाला. थाई पोलिसांनी त्याच्या ओळखीतल्या एका व्यक्तीच्या फोनचा माग काढला आणि १९ ऑक्टोबरला ईशान्येकडच्या नाखोन रात्चासीमा इथल्या एका घरातून त्याला उचलले. आवाहनापासून अटकेपर्यंत अकरा दिवस. थायलंडमध्ये त्याला शिक्षा झाली, आणि कॅनडात परतल्यावर पुन्हा खटला होऊन पुन्हा शिक्षा झाली.

त्याच्या फोटोतला भोवरा जगभर गाजला. त्यामानाने मार्च २००९मध्ये काय झाले ते फारसे कोणाला ठाऊक नाही. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या मुख्यालयातून इंटरपोलने जुन्या संग्रहाच्या जागी नवी यंत्रणा सुरू केली, आणि देशोदेशीचे प्रशिक्षित अधिकारी आपापल्या टेबलावरून तिच्यात थेट शोधू लागले. हे मूल आधी कोणी ओळखले आहे का, ही खोली आणखी कुठल्या मालिकेत दिसते का, याचे उत्तर आता टोरांटोला पेनसिल्व्हेनियाकडून दोन वर्षांनी मिळण्याची गरज उरली नाही. या यंत्रणेतून आजवर ३० हजारांहून अधिक मुलांची ओळख पटली आहे. २०१७पासून युरोपोल तर पिशव्या, कपडे, शाम्पूच्या बाटल्या असे फोटोंतून कापून काढलेले तुकडे जनतेसमोर ठेवते आणि विचारते, हे कुठे विकले जाते?

त्याच २००९मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी ‘फोटोडीएनए’ तयार केले. फोटो काळा-पांढरा करायचा, ठरावीक मापाचा करायचा, त्याचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातल्या उजेड-अंधाराच्या चढउताराची संख्या काढायची. या संख्यांची ओळ म्हणजे त्या फोटोचा ठसा. फोटो थोडा लहान केला, रंग बदलला, तरी ठसा फारसा हलत नाही. फेसबुकने २०११मध्ये हे तंत्र घेतले आणि अमेरिकेतल्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन’ या संस्थेकडे अहवालांचा पूर आला. तिची सायबर टिपलाइन १९९८मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाला साडेचार हजार अहवाल आले होते. २०२३मध्ये आले ३ कोटी ६२ लाख.

हे तंत्र मोलाचे आहे, पण त्याची कक्षा लक्षात घ्यायला हवी. ते ओळखते ते आधी सापडलेले फोटो. ज्या मुलावर काल पहिल्यांदा अत्याचार झाला, त्याचा ठसा कुठल्याच यादीत नसतो. कोट्यवधी अहवालांत फार मोठा वाटा त्याच त्या जुन्या फोटोंच्या पुन्हा पुन्हा फिरण्याचा असतो, आणि नवे मूल त्या ढिगाऱ्यात हरवते. माणसालाच बसून बघावे लागते. अशा पथकांतल्या लोकांसाठी समुपदेशक नेमलेले असतात, ते उगाच नव्हे.

डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या दडवलेल्या भागात, या टोळ्या गेल्यानंतर पोलिसांनी ज्या वाटा धरल्या, त्यांनी त्यांच्यापुढे वेगळ्याच अडचणी उभ्या केल्या. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये क्वीन्सलँड पोलिसांचे ‘टास्क फोर्स आर्गोस’ नावाचे पथक १९९७पासून होते. २०१४मध्ये एका मोठ्या गुप्त संकेतस्थळाचा चालक त्यांना हवा होता. नाव नाही, पत्ता नाही. फक्त तो लोकांना अभिवादन करताना ‘हायाज’ असा जरा विचित्र शब्द लिहायचा. पथकाने उघड्या इंटरनेटवर तोच शब्द वापरणारे शोधले, एका खात्यापर्यंत पोहोचले, तिथे एका जीपगाडीचा फोटो दिसला. संकेतस्थळावरच्या फोटोंतल्या बोटावरचा एक तीळ त्याच्या बोटाशी जुळला. माणूस ॲडलेडचा निघाला, आणि नोकरी करत होता निराधार मुलांचा सांभाळ करणाऱ्या सरकारी विभागात. त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. पण त्याला पकडल्यावर पोलिसांनी संकेतस्थळ बंद केले नाही. पथकातला एक अधिकारी त्याच्याच नावाने, त्याच्याच लकबीत लिहीत, सहा महिने ते चालवत राहिला आणि सभासदांचे माग काढत राहिला.

२०१६मध्ये याच पथकाने आणखी एक संकेतस्थळ ताब्यात घेतले आणि जवळजवळ अकरा महिने चालवले. नॉर्वेच्या ‘व्हीजी’ या वृत्तपत्राने ते २०१७मध्ये उघड केले. खरा चालकच बोलतो आहे हे सभासदांना पटावे म्हणून पोलिसांनी मध्ये मध्ये एखादा फोटोही टाकला होता. अमेरिकेत एफबीआयने २०१५मध्ये ‘प्लेपेन’ नावाचे असेच ठिकाण दोन आठवडे चालवले आणि एका न्यायाधीशाच्या एका वॉरंटवर जगभरच्या आठ हजारांहून अधिक संगणकांत शिरकाव केला. मग न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालला. पोलीस म्हणतात, यातून मुले सुटली. ते खरे आहे. पण ज्या मुलीचा फोटो आमिष म्हणून पुन्हा एकदा टाकला गेला, तिला कोणी विचारले होते? पस्तीस वर्षांच्या शिक्षेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्या अकरा महिन्यांबद्दल माझे मन अजून ठरत नाही.

दक्षिण कोरियातून चाललेले ‘वेलकम टू व्हिडिओ’ पकडले गेले ते पैशांच्या मागावरून. तिथे बिटकॉइनने पैसे भरायचे. बिटकॉइनचा हिशेब कोणाला कळत नाही अशी सभासदांची समजूत होती. प्रत्यक्षात त्याचा प्रत्येक व्यवहार सगळ्या जगाला दिसणाऱ्या वहीत कायमचा लिहिला जातो. अमेरिकेच्या कर खात्याच्या तपासनिसांनी ती वही वाचली. ऑक्टोबर २०१९मध्ये ३८ देशांतल्या ३३७ जणांच्या अटका आणि २३ मुलांची सुटका जाहीर झाली. चालकाला मात्र त्याच्या देशात झाली दीड वर्षाची शिक्षा, आणि त्याला अमेरिकेच्या हवाली करायला सोलच्या न्यायालयाने २०२०मध्ये नकार दिला. कोरियात लोक रस्त्यावर आले.

आपल्याकडे या गुन्ह्याची ओळख इंटरनेटच्या आधीची आहे. १९९१मध्ये गोव्यात फ्रेडी पीट्स पकडला गेला. मडगावजवळ तो अनाथ मुलांसाठी वसतिगृह चालवायचा आणि परदेशी पाहुण्यांना ती मुले पुरवायचा. त्याच्याकडे दोन हजारांहून अधिक फोटो आणि निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या. १९९६मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्या परदेशी साथीदारांना भारतात आणण्याची लढाई त्यानंतर कितीतरी वर्षे चालू राहिली. पण ते फोटो कागदावर होते, निगेटिव्ह मोजता येत होत्या. पोलिसांनी त्या उचलल्या की विषय तिथे तरी संपत होता. पुढच्या पिढीच्या गुन्ह्यात तोही दिलासा उरला नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात असे साहित्य पसरवणे गुन्हा ठरवणारे ६७-बी हे कलम २००९पासून लागू झाले आणि १४ नोव्हेंबर २०१२पासून मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला. तरी भारतातून काय पाठवले जाते आहे, हे पाहण्याची सोय आपल्याकडे नव्हती. ती झाली २६ एप्रिल २०१९ रोजी, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने सायबर टिपलाइन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या त्या संस्थेशी करार केला तेव्हा. २०२०च्या एका वर्षात भारताशी जोडलेले २७ लाखांहून अधिक अहवाल त्या संस्थेकडे नोंदले गेले, सगळ्या देशांत सर्वाधिक. यावरून भारतीय माणसाच्या नीतिमत्तेवर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आपल्याकडचे मोबाइल आणि फॉरवर्ड करणारे अंगठे आधी मोजावेत. आकडा तरीही लहान नाही.

हे अहवाल दिल्लीहून राज्यांकडे येतात. महाराष्ट्रात ते मुंबईतल्या महाराष्ट्र सायबरकडे पोहोचतात आणि तिथून जिल्ह्यांना जातात. अहवालात असते काय, तर खात्याचे नाव, आयपी पत्ता आणि वेळ. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवायचे विसरले की भलत्याच घराचे दार वाजते. मोबाइल कंपन्यांकडच्या नोंदी ठरावीक काळच टिकतात, त्यामुळे अहवाल टेबलावर पडून राहिला की तो मेलाच. २०२०मध्ये महाराष्ट्र सायबरने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ काढून ठिकठिकाणच्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल करायला लावले. सीबीआयने २०१९मध्ये या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र शाखा उभारली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये ‘ऑपरेशन कार्बन’, सप्टेंबर २०२२मध्ये ‘मेघचक्र’ अशा देशव्यापी मोहिमा केल्या. प्रसिद्धिपत्रकांत राज्ये, ठिकाणे, मोबाइल, लॅपटॉप यांचे आकडे येतात. फोटोतली किती मुले सापडली, हा आकडा शोधावा लागतो. ऑपरेशन ओरची आठवण होते ती याच ठिकाणी.

वेगळ्या प्रकारचे कामही झाले आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये सीबीआयने उत्तर प्रदेशातल्या पाटबंधारे खात्याच्या एका कनिष्ठ अभियंत्याला अटक केली. बांदा, चित्रकूट, हमीरपूर या जिल्ह्यांतली पन्नासच्या आसपास मुले दहा वर्षे त्याच्या तावडीत होती आणि त्यांच्या चित्रफिती तो परदेशांत विकत होता. तिथे तपास मुलांपर्यंत पोहोचला, गावोगाव जाऊन पोहोचला. २०२२मध्ये भारत इंटरपोलच्या २००९च्या त्या यंत्रणेला जोडला गेला, त्यामुळे एखादा चेहरा जगात आधी कुठे ओळखला गेला आहे का हे सीबीआयला आता थेट पाहता येते. आणि २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. असे साहित्य खासगीत पाहणे, साठवणे हा गुन्हा नाही, असे त्या निकालाने मानले होते. न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांनी लिहिलेल्या निकालाने ती पळवाट बंद केली.

एवढ्यात जमीन पुन्हा सरकली आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने १९ देशांत ‘ऑपरेशन कंबरलँड’ झाले आणि २५ जण पकडले गेले. त्यांच्याकडचे फोटो पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते. आता तपासनिसाला प्लगचे भोक आणि पडद्याची नक्षी बघण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, हे मूल खरोखर आहे की नाही. चुकून खोट्या मुलामागे महिना घालवला तर खरे मूल तेवढे थांबते, आणि खऱ्या मुलाला खोटे समजले तर त्याची फाइलच उघडत नाही.

दरम्यान मेटाने डिसेंबर २०२३पासून मेसेंजरवरचे संभाषण आपोआप कूटबद्ध करायला सुरुवात केली. अमेरिकी संस्थेकडे २०२३मध्ये ३ कोटी ६२ लाख अहवाल आले होते. २०२४मध्ये आले २ कोटी ५ लाख. एकाच घटनेशी जोडलेले अहवाल एकत्र मोजण्याची नवी पद्धत हे घटीचे एक कारण. कंपन्यांनाच आता आत काय चालले आहे ते दिसत नाही, हे दुसरे. मुंबईपासून जिल्ह्यापर्यंतची आपली साखळी त्याच अहवालांवर उभी आहे, आणि अहवाल कमी झाले म्हणजे अत्याचार कमी झाले, असे ती संस्था स्वतःही म्हणत नाही.